चौथ्या मिनिटाचा ईसीजी: एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

समजा, एका घरात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पोहताना अचानक बेशुद्ध पडला. वेळेवर मदत मिळाली म्हणून वाचला. तपासण्यांत 'लाँग क्यूटी सिंड्रोम' निघाला. हा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीचा आनुवंशिक विकार आहे. डॉक्टर म्हणाले, "आता घरातल्या सगळ्यांना तपासायला हवं." धाकटी बहीण रोज धावायला जाते, तिला कधी साधी चक्करही आलेली नाही. आई-वडील ठणठणीत आहेत. यातल्या कुणाकडे तोच दोष आहे, हे ओळखायचं कसं?

या प्रश्नावर २०११ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्याचा दावा मोठा मोहक आहे: साधा ईसीजी आणि ट्रेडमिलवरची व्यायाम चाचणी, एवढ्यावर लक्षणं नसलेल्या नातेवाइकांमधले बहुतेक वाहक ओळखता येतात. लेखकांमध्ये अँड्र्यू क्रान, आर्थर वाइल्ड, सामी विस्किन अशी या क्षेत्रातली वजनदार नावं आहेत. मी हा पेपर निवडला त्याचं कारण वेगळं आहे. तो चांगला आहे, प्रामाणिकपणे लिहिलेला आहे, आणि तरीही त्याचा सारांश वाचून जो निष्कर्ष आपण पटकन काढतो तो बराचसा चुकीचा ठरू शकतो. पीएचडीच्या मुलाखतीत "एखाद्या पेपरचं परीक्षण करा" असं सांगितलं की आपण बहुतेक जण "नमुना लहान आहे" एवढं म्हणून थांबतो. त्यापुढे कसं जायचं, ते या निमित्तानं बघू.

आधी थोडं शरीरशास्त्र

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना विद्युतदृष्ट्या पूर्वपदावर यावं लागतं. ईसीजीवर या सगळ्या काळाला क्यूटी अंतर म्हणतात. ठोके वाढले की हे अंतर आपोआप कमी होतं. म्हणून वेगवेगळ्या वेगांची तुलना करण्यासाठी ते दुरुस्त करून घेतात, आणि त्याला क्यूटीसी म्हणतात. सर्वात जास्त वापरलं जाणारं सूत्र बॅझेट यांचं, १९२० सालचं: क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या, म्हणजे सेकंदातल्या अंतराच्या, वर्गमुळानं भागायचं.

पेशी पूर्वपदावर येते ती मुख्यतः पोटॅशियम बाहेर गेल्यामुळे. त्यासाठी दोन महत्त्वाचे मार्ग आहेत. एक सावकाश उघडणारा, पण अ‍ॅड्रेनलिन वाढलं की जोर धरणारा. त्याचं जनुक केसीएनक्यू१, आणि ते बिघडलं की एलक्यूटी१ हा प्रकार होतो. दुसरा झटपट उघडणारा, त्याचं जनुक केसीएनएच२, आणि त्याचा बिघाड म्हणजे एलक्यूटी२.

आता व्यायामात काय होतं बघा. एलक्यूटी१ मध्ये नेमका व्यायामाच्या वेळी कामाला येणारा मार्गच अधू असतो. त्यामुळे क्यूटी हवं तेवढं आखडत नाही आणि व्यायाम थांबल्या थांबल्याच क्यूटीसी लांबलेलं दिसतं. एलक्यूटी२ मध्ये सावकाश मार्ग शाबूत असतो. व्यायामाच्या शिखरावर तो वेळ मारून नेतो, पण विश्रांतीत ठोके उतरू लागले की दोष उघडा पडतो. साधारण चौथ्या मिनिटाला दोन्ही प्रकारांत क्यूटीसी लांबलेलं असतं. पेपरची सगळी इमारत या चौथ्या मिनिटावर उभी आहे, आणि कल्पना म्हणून ती सुंदरच आहे. आधी यंत्रणा समजून घेऊन मग मोजायची वेळ निवडलेली आहे. हाती आलेल्या आकड्यांत कुठे काही सापडतंय का, असं चाचपडणं त्यात नाही.

पेपर काय सांगतो

पाच केंद्रांमधून लक्षणं नसलेले सख्खे नातेवाईक, म्हणजे आई-वडील, भावंडं किंवा मुलं, घेतले. ज्या रुग्णाचे हे नातेवाईक, त्याच्यातला जनुकीय दोष आधीच माहीत होता. खरं उत्तर म्हणून जनुकीय चाचणी धरली. पहिल्या गटात ६९ जण: २८ एलक्यूटी१, २० एलक्यूटी२ आणि २१ जण दोष नसलेले. या गटावर नियम तयार केला.

नियम असा. विश्रांतीतलं क्यूटीसी पुरुषांत ४७० मिलिसेकंद किंवा स्त्रियांत ४८० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त असेल तर तो वाहक. नसेल तर ट्रेडमिल, आणि व्यायामानंतर चौथ्या मिनिटाला क्यूटीसी ४४५ किंवा अधिक असेल तर वाहक.

पहिली पायरी चुकत नव्हती. विश्रांतीतलं क्यूटीसी इतकं जास्त असलेला प्रत्येक जण वाहकच निघाला. पण तिथे ४८ पैकी जेमतेम निम्मे वाहक सापडत होते. दुसऱ्या पायरीनं उरलेल्या २५ वाहकांपैकी २२ पकडले आणि २१ निर्दोष नातेवाइकांपैकी १९ जणांना बरोबर सोडलं. एकत्र संवेदनशीलता ०.९४, विशिष्टता ०.९०. मग हाच नियम १५२ जणांच्या वेगळ्या गटावर लावला: ५८ एलक्यूटी१, ६१ एलक्यूटी२, ३३ निर्दोष. तिथे संवेदनशीलता ०.९२ आणि विशिष्टता ०.८२ मिळाली.

यातली एक गोष्ट आधीच बाजूला काढून ठेवा, कारण माझ्या मते ती या पेपरची सर्वात मोठी देणगी आहे. विश्रांतीतलं क्यूटीसी पूर्णपणे 'नॉर्मल' असलेल्या नातेवाइकांतही ४२ टक्के वाहक निघाले. ईसीजी नॉर्मल आला म्हणून बहिणीला घरी पाठवून देण्याची सवय किती धोक्याची आहे, हे या एका आकड्यानं दाखवलं. पुढे मी जे काही म्हणणार आहे त्यानं या निष्कर्षाला धक्का लागत नाही.

पहिला प्रश्न: वाहक इतके कसे?

पेपर वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि साध्या बेरजा करा. हा विकार सहसा असा वारसानं येतो की सख्ख्या नातेवाइकाकडे दोष असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे १५२ जणांत साधारण ७६ वाहक अपेक्षित होते. प्रत्यक्षात आहेत ११९, म्हणजे ७८ टक्के. पहिल्या गटातही ६९ पैकी ४८, म्हणजे ७० टक्के. नाणं १५२ वेळा उडवून ११९ वेळा छापा पडणं हा योगायोग नसतो. तेव्हा या गटात नातेवाईक येण्याच्या वाटेवर कुठेतरी चाळण लागलेली आहे.

चाळण दोन प्रकारची असू शकते. एक: ज्यांचा ईसीजी आधीच संशयास्पद होता तेच तपासणीला जास्त आले. तसं असेल तर दोष स्पष्ट दिसणारे वाहक जास्त भरले गेले आणि संवेदनशीलता फुगली. दोन: जनुकीय चाचणीत निर्दोष ठरलेले नातेवाईक "सुटलो बुवा" म्हणून निघून गेले, ट्रेडमिलवर चढलेच नाहीत. मग निर्दोष गटात उरले ते कदाचित शंका असलेलेच, आणि विशिष्टता प्रत्यक्षाहून कमी दिसली. दोन्ही चाळण्या उलट दिशांना ओढतात. म्हणून "पेपर बायस्ड आहे" एवढं म्हणून भागत नाही. कुठला आकडा कुठल्या दिशेनं सरकला असेल ते सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत इथेच फरक पडतो.

याचा व्यवहारातला परिणाम बघू. पेपरमधली ०.९२ आणि ०.८२ जशीच्या तशी धरा आणि खऱ्या आयुष्यातले १०० सख्खे नातेवाईक घ्या, ५० वाहक, ५० निर्दोष. चाचणी ४६ वाहक पकडेल, ४ सोडेल. निर्दोषांपैकी ४१ जणांना सोडेल, ९ जणांवर उगाच ठपका ठेवेल. 'पॉझिटिव्ह' आलेल्या ५५ जणांत ९ जण निर्दोष, म्हणजे सहात एक. 'निगेटिव्ह' आलेल्या ४५ जणांत ४ वाहक, म्हणजे अकरात एक.

आता हीच चाचणी मामा, मावशी, काका, आत्या यांच्यापर्यंत नेली तर? तिथे दोषाची शक्यता चौथाई. तेव्हा 'पॉझिटिव्ह' आलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण निर्दोष असतील. अशा माणसाला वर्षानुवर्षं बीटा ब्लॉकर घ्यावे लागतात, पोहणं बंद होतं, कित्येक साध्या औषधांवर फुली बसते. संवेदनशीलता-विशिष्टता तीच ठेवली तरी माणसं बदलली की निकालाचा अर्थ बदलतो. हे गणित पाठ करू नका, प्रत्येक पेपरला स्वतः मांडून बघा.

दुसरा प्रश्न: ३३ माणसांवर किती भार?

विशिष्टता ०.८२ म्हणजे ३३ पैकी २७. एवढ्या लहान संख्येवर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो साधारण ६६ ते ९१ टक्के येतो. पहिल्या गटातली ०.९० म्हणजे २१ पैकी १९, आणि तिचा पल्ला ७१ ते ९७.

इथे घाई करणारा विद्यार्थी म्हणेल, "बघा, पहिल्या गटावर कटऑफ बेतला म्हणून तिथे ०.९०, दुसऱ्या गटात उतरून ०.८२." हे तत्त्व बरोबर आहे. ज्या आकड्यांवरून सीमारेषा आखली त्याच आकड्यांवर ती तपासली की निकाल नेहमी जरा गोड येतो. म्हणूनच दुसरा गट लागतो, आणि लेखकांनी तो घेतला हे त्यांच्या बाजूनं जातं. पण दोन्ही पल्ले एकमेकांवर इतके चढलेले आहेत की ही घसरण खरी की निव्वळ योगायोग, हे या माहितीवरून ठरत नाही. परीक्षण करताना आपण लेखकांकडून जो पुरावा मागतो, तेवढाच पुरावा आपल्या आक्षेपालाही लागतो.

उलट एक मुद्दा पेपरच्या बाजूनं नोंदवा. पहिल्या गटाचं विश्रांतीतलं सरासरी क्यूटीसी ४६६ होतं, दुसऱ्याचं ४४३. म्हणजे दुसरा गट सौम्य होता, तिथे वाहक ओळखणं अवघड. तरीही संवेदनशीलता ०.९४ वरून फक्त ०.९२ झाली. हा कणखरपणा आहे.

आणखी एक गोष्ट अशा कुठल्याही कौटुंबिक अभ्यासात विचारा: एकाच घरातले किती जण आहेत? एका घरातल्या चार भावंडांकडे एकच जनुकीय दोष असतो. ती चार स्वतंत्र निरीक्षणं होत नाहीत. त्यामुळे खरा पल्ला मी वर काढलाय त्याहून रुंदच असणार.

तिसरा प्रश्न: ४४५ ची रेघ किती जाड?

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. चौथ्या मिनिटाला ठोके १०० असतील तर दोन ठोक्यांतलं अंतर ०.६ सेकंद. तेव्हा ४४५ चं क्यूटीसी म्हणजे मोजलेलं क्यूटी सुमारे ३४५. मोजताना १० मिलिसेकंदांचा, म्हणजे पाव चौकोनाचा, फरक पडला की क्यूटीसी १३ नी हलतं. टी लहरीचा शेवट नेमका कुठे धरायचा यावर अनुभवी माणसांतही मतभेद होतात, आणि व्यायामानंतरचा ईसीजी तर थरथरलेला असतो. शिवाय बॅझेटचं सूत्र जलद ठोक्यांत क्यूटीसी वाजवीपेक्षा जास्त दाखवतं. म्हणजे ज्याचे ठोके सावकाश उतरतात त्याच्यावर अन्याय व्हायची शक्यता.

अजून एक विसंगती. विश्रांतीतल्या क्यूटीसीसाठी स्त्री-पुरुषांना वेगवेगळी सीमा आहे, कारण प्रौढ स्त्रियांचं क्यूटीसी मुळातच थोडं लांब असतं. चौथ्या मिनिटाला मात्र सगळ्यांना एकच ४४५. मग उगाच ठपका बसलेल्यांत स्त्रिया जास्त असतील का? हा प्रश्न वाचकानं विचारायलाच हवा.

आणि गंमत बघा. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात श्वार्ट्झ आणि क्रोटी यांनी लाँग क्यूटीच्या निदानाच्या गुणपद्धतीत व्यायामानंतरच्या चौथ्या मिनिटाचं क्यूटीसी घातलं, पण तिथे सीमा ठेवली ४८०. एकाच मिनिटाला दोन सीमा, ४४५ आणि ४८०. कुठली खरी? दोन्ही, कारण प्रश्न वेगळे आहेत. घरात दोष आहे हे ठाऊक असलेल्या नातेवाइकासाठी आधीची शक्यताच निम्मी असते, तिथे सैल सीमा चालते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसात हा विकार अतिशय विरळा, तिथे ४४५ लावलं तर निरोगी लोकांची रांग लागेल. कटऑफ सोबत माणूस घेऊनच येतो. त्या माणसापासून तोडून तो आकडा दुसरीकडे नेता येत नाही.

चौथा प्रश्न, आणि खरा: ही चाचणी कुणाला हवी आहे?

पेपरची प्रस्तावना सांगते की जनुकीय चाचणी महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, म्हणून सोपा पर्याय हवा. आता विचार करा. घरातल्या रुग्णात नेमका कुठला दोष आहे हे कळलेलं असेल, तर बहिणीत तोच एक दोष शोधायचा असतो. उत्तर हो किंवा नाही. चार टक्के, नऊ टक्के असल्या हिशेबाची गरज उरत नाही.

ट्रेडमिलची खरी निकड कुठे? जिथे रुग्णात जनुकीय दोष सापडलाच नाही तिथे. लाँग क्यूटीच्या साधारण पाचातल्या एका घरात असं होतं. किंवा जिथे मुलगा गेला आणि त्याच्या रक्ताचा नमुना कुणी ठेवलाच नाही. अशा घरातली धाकटी बहीण दारात उभी असते आणि डॉक्टरांकडे ईसीजी आणि ट्रेडमिल याखेरीज फारसं काही नसतं. नेमकी हीच घरं या अभ्यासात नाहीत. असणं शक्यही नव्हतं, कारण खरं उत्तर म्हणून जनुकीय चाचणी धरली की ज्यांचं जनुक माहीत नाही ते आपोआप बाहेर राहतात. म्हणजे चाचणी तपासली गेली ती तिची गरज सर्वात कमी असलेल्या घरांत. जास्त गरज असलेल्या घरांत ती तितकीच चालेल, हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. एलक्यूटी३ हेच उदाहरण घ्या. त्यात व्यायामानं क्यूटी चांगलं आखडतं, आणि हा प्रकार अभ्यासात नव्हता.

कसोटीबद्दलही एक शंका ठेवा. जनुकीय चाचणी दोष आहे का हे सांगते, माणूस आजारी पडेल का हे सांगत नाही. ट्रेडमिल हृदयाचं वागणं दाखवते. जनुक असूनही चौथ्या मिनिटाला क्यूटीसी नॉर्मल राहणारा माणूस, चाचणीनं 'चुकवलेला' म्हणायचा की ज्याचा धोका कमी आहे असा? हा पेपर त्याचं उत्तर देत नाही, कारण त्यानं माणसांचा पुढे पाठपुरावा करण्याचा प्रश्न घेतलेलाच नव्हता. शिवाय ही कसोटीही अचल नाही. लाँग क्यूटीशी जोडल्या गेलेल्या १७ जनुकांची २०२० साली फेरतपासणी झाली, तेव्हा ९ जनुकांचा पुरावा अपुरा किंवा वादग्रस्त ठरला. केसीएनक्यू१ आणि केसीएनएच२ मात्र टिकली, त्यामुळे या पेपरचा पाया शाबूत आहे.

शेजारच्या विकाराशी तुलना

सीपीव्हीटी हा दुसरा आनुवंशिक विकार. यात विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल असतो आणि व्यायामात किंवा घाबरल्यावर घातक ठोके सुरू होतात. तिथे ट्रेडमिल हीच मुख्य तपासणी. २०१२ साली 'युरोपेस'मध्ये आलेल्या ६७ लक्षणरहित नातेवाइकांच्या अभ्यासात तिची विशिष्टता ९७ टक्के, पण संवेदनशीलता फक्त ५० टक्के निघाली. म्हणजे पॉझिटिव्ह आली तर जवळजवळ खात्री, निगेटिव्ह आली तर दिलासा नाहीच. "नातेवाइकांची ट्रेडमिल टेस्ट केली, नॉर्मल आली" हे एकच वाक्य दोन विकारांत किती वेगळ्या वजनाचं आहे बघा.

मग पेपर टाकून द्यायचा?

मुळीच नाही. त्यानं यंत्रणेवर बेतलेली चाचणी दिली, ती स्वतंत्र गटावर तपासली, आणि 'नॉर्मल ईसीजी' या शब्दावरचा भाबडा विश्वास मोडला. पॉझिटिव्ह निकाल आला तर तो गांभीर्यानं घेण्याचं कारण हा पेपर देतो. निगेटिव्ह निकालावर बहिणीला "तू मोकळी" म्हणण्याचं कारण तो देत नाही. अकरात एक ही संख्या टक्केवारीत लहान वाटते. पोहण्याच्या तलावापाशी ती लहान नसते.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातला, 'संवेदनशीलता नव्वदच्या वर' असं सांगणारा एक पेपर घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहा. गटात बाधित किती, आणि अपेक्षित किती होते? विशिष्टतेचा आकडा किती माणसांवर उभा आहे? कटऑफ कुणासाठी आखला होता? आणि ज्यांना ही चाचणी सर्वात जास्त हवी, ते अभ्यासात होते का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर थांबून नीट विचार करा. तुमच्या संशोधनाचा विषय बहुधा तिथेच आहे.